हंगाम सरल्याशिवाय कोड पुसू नये

सरकारी रुग्णालयात केसपेपर, औषधसाठा, लसीकरण या नोंदी आता संगणकात होतात. अशी सॉफ्टवेअर वर्षानुवर्षे वाढत राहतात. योजना बंद होते, तक्ता बदलतो. त्यासाठी लिहिलेला कोड, म्हणजे संगणकाला दिलेल्या सूचना, मात्र आत तशाच पडून असतात.

पडून राहिलेला कोड निरुपद्रवी नसतो. अमेरिकेतील नाइट कॅपिटल या शेअर दलाली कंपनीत 2003 पासून न वापरलेला कोड शिल्लक होता. 2012 च्या ऑगस्टमध्ये नवा कोड आठपैकी सात सर्व्हरवर चढला, एकावर राहून गेला. तिथे जुना कोड जागा झाला आणि सुमारे 45 मिनिटांत कंपनीचे 44 कोटी डॉलर बुडाले. रुग्णालयात पैशांऐवजी औषधाची मात्रा चुकेल.

तेव्हा जुना कोड काढायलाच हवा; प्रश्न पद्धतीचा आहे. कित्येक महिने स्टेरॉइड घेणाऱ्याची गोळी एकाएकी बंद केली तर रक्तदाब कोसळू शकतो, कारण शरीराने स्वतःचे स्टेरॉइड बनवणे कमी केलेले असते. मात्रा हळूहळू उतरवावी लागते. कोडही आधी पुसायचा नाही, नुसता बंद करायचा. कोणी त्याला हाक मारते का, याची नोंद ठेवायची. एका वेळी एकच तुकडा, आणि जुनी प्रत हाताशी.

लक्ष किती दिवस ठेवायचे? इथेच घाई होते. अहिल्यानगर जिल्ह्याचे उदाहरण घ्या. दिवाळीच्या सुमारास ऊसतोड टोळ्या कोपरगाव, राहाता, संगमनेरच्या फडांवर येतात. त्यांच्या मुलांच्या राहिलेल्या लसींची वेगळी यादी सॉफ्टवेअरमध्ये असेल, तर उन्हाळ्या-पावसाळ्यात तिचा वापर शून्यच दिसणार. पुण्यात बसलेला अभियंता ऑगस्टमध्ये ती ‘निरुपयोगी’ म्हणून पुसून टाकील. नोव्हेंबरमध्ये कार्ड हरवलेली आई पोराला घेऊन येईल, तेव्हा त्याचा कोणता डोस झाला हे कोणालाच सापडणार नाही. किमान एक पूर्ण वर्ष, मार्चअखेर आणि गाळपाचा हंगाम धरून, वाट पाहिली पाहिजे. आणि आशाताईला, परिचारिकेला, डेटा एंट्री ऑपरेटरला विचारले पाहिजे. फाइलमध्ये नसलेले वापर त्यांनाच ठाऊक असतात.

आरोग्य खात्याने सॉफ्टवेअरच्या कंत्राटात नव्या सुविधांबरोबर या सफाईचे काम, त्याची मुदत आणि त्याचे पैसे वेगळे लिहावेत.