विश्लेषण : कर्करोगाच्या पेशींनी रक्तात सोडलेल्या पिशव्या काय सांगतात?

सुई घालून किंवा शस्त्रक्रियेने गाठीचा तुकडा काढण्याऐवजी रक्ताच्या नमुन्यातूनच कर्करोगाची माहिती मिळावी, यासाठी जगभर संशोधन सुरू आहे. पेशींनी रक्तात सोडलेल्या सूक्ष्म पिशव्या आणि त्यांतील प्रथिनांवरचे रासायनिक बदल हा त्यातला एक महत्त्वाचा मार्ग आहे. तो रुग्णालयापर्यंत का पोहोचलेला नाही, याविषयी...

या पिशव्या कोणत्या?

शरीरातील जवळपास प्रत्येक पेशी पातळ आवरणाच्या पिशव्या बाहेर सोडते. त्यांना बाह्यपेशीय पुटिका म्हणतात. त्यांपैकी ‘एक्सोसोम’ साधारण ३० ते १५० नॅनोमीटरचे असतात. तांबड्या रक्तपेशी परिपक्व होताना नको असलेली प्रथिने अशा पिशव्यांतून बाहेर टाकतात, हे १९८३ मध्ये दिसून आले. त्यामुळे बराच काळ या पिशव्या पेशींचा कचरा मानल्या गेल्या. प्रत्यक्षात त्यांतून पेशी एकमेकींना निरोपही धाडतात. कर्करोगाच्या पिशव्यांवरील इंटिग्रिन ही प्रथिने रोग फुप्फुसात पसरणार की यकृतात, यावर प्रभाव टाकतात, असे २०१५ मध्ये ‘नेचर’मधील अभ्यासात उंदरांवरील प्रयोगांतून दिसले.

प्रथिनातील बदल महत्त्वाचा का?

प्रथिन तयार झाल्यावरही पेशी त्यात फेरफार करते. कधी साखरेची साखळी जोडते, कधी फॉस्फेट चिकटवते. फॉस्फेट हे अनेक प्रथिनांसाठी दिव्याच्या बटणासारखे असते. ते ‘किनेज’ नावाची विकरे लावतात, तर ‘फॉस्फटेज’ काढून टाकतात. अनेक कर्करोगांत ही बटणे चालूच राहतात आणि पेशी थांबल्याशिवाय वाढत जाते. २००१ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेले रक्तकर्करोगावरील इमॅटिनिब हे औषध असेच एक किनेज रोखते. म्हणून प्रथिन किती आहे, याइतकेच ते चालू आहे की बंद, हे कळणे मोलाचे ठरते.

मग साध्या रक्तचाचणीत ते का दिसत नाही?

रक्तातील विकरे मोकळ्या प्रथिनांवरचे फॉस्फेट काढून टाकतात. पिशवीच्या आत मात्र ते सुरक्षित राहते. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाच्या अँडी ताओ यांच्या गटाने याचाच उपयोग केला. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात स्तनांच्या कर्करोगाच्या ३० रुग्ण आणि सहा निरोगी व्यक्तींचा प्रत्येकी एक मिलिलिटर प्लाझ्मा तपासला गेला. फॉस्फेट जोडलेली १४४ प्रथिने रुग्णांत लक्षणीय जास्त आढळली. गोठवून साठवलेल्या नमुन्यांतही ही खूण टिकली होती.

घोडे कुठे अडले?

सहा निरोगी व्यक्तींच्या तुलनेवर चाचणी उभी राहू शकत नाही. शिवाय रक्तातील बहुतेक पिशव्या निरोगी पेशींच्या, विशेषतः बिंबाणूंच्या असतात. रक्त कसे काढले, किती वेळ ठेवले, पिशव्या कोणत्या पद्धतीने वेगळ्या केल्या, यावर निष्कर्ष बदलतो. याचा अनुभव आधीही आला आहे. २०१५ मध्ये ग्लायपिकन-१ या प्रथिनावरून स्वादुपिंडाचा कर्करोग लवकर ओळखता येईल, असा अभ्यास गाजला. नंतर इतर काही गटांना तितके स्पष्ट निकाल मिळाले नाहीत.

सामान्यांनी काय लक्षात घ्यावे?

‘९० टक्के अचूक’ हा आकडा फसवा ठरू शकतो. समजा, १० हजार जणांची तपासणी केली आणि त्यांपैकी ५० जणांना कर्करोग आहे. चाचणीने ९० टक्के रुग्ण ओळखले, तर ४५ जण सापडतील. पण निरोगी व्यक्तींपैकी पाच टक्क्यांबाबत ती चुकली, तर सुमारे ४९८ जणांना विनाकारण धास्ती आणि पुढच्या तपासण्यांचा खर्च सोसावा लागेल. त्यामुळे अशा चाचण्यांचा पहिला उपयोग सरसकट तपासणीपेक्षा, निदान झालेल्या रुग्णाला औषध लागू पडते आहे का, हे पाहण्यासाठी होण्याची शक्यता अधिक वाटते. तोवर रक्तचाचणीची जाहिरात दिसल्यास ती किती निरोगी लोकांवर पडताळली आणि दुसऱ्या प्रयोगशाळेत तोच निकाल आला का, हे विचारावे. गाठ जाणवत असेल, तर अशा चाचणीच्या भरवशावर मॅमोग्राफी किंवा बायोप्सी टाळू नये.