नेतृत्वाचा पुरावा
— तृतीय वर्ष कला (राज्यशास्त्र)

सूचनाफलकावरचे दोनच कागद आपण विद्यार्थी मनापासून वाचतो. एक परीक्षेचे वेळापत्रक आणि दुसरा फी भरण्याची मुदत. यंदा मात्र तिसऱ्या एका कागदापुढेही गर्दी जमली. 'नागरी नेतृत्वाचे गुण' असलेल्या विद्यार्थ्यांना एका विश्वस्त संस्थेकडून शिष्यवृत्ती मिळणार होती. रक्कम वर्षाची फी आणि पुस्तके भागून वर थोडी उरेल इतकी. माझ्यासारख्याच्या घरी ही रक्कम लहान नव्हे. मी त्याच दिवशी अर्ज आणला.

अर्जात चार रकाने होते : भूषविलेली पदे, मिळालेली पारितोषिके, शिबिरांतील सहभाग आणि प्रमाणपत्रांच्या सत्यप्रती. माझ्याजवळ अकरा प्रमाणपत्रे निघाली. ती टेबलावर मांडली तेव्हा क्षणभर मलाही वाटले, की आपण बरेच मोठे नेते आहोत! त्यांत वृक्षारोपणाचे एक होते. त्या दिवशी आम्ही पंचवीस रोपे लावली, पाहुण्यांच्या हस्ते पाणी घातले, छायाचित्र काढले. पुढच्या उन्हाळ्यात त्यांतली दोन रोपे उरली. तीही शिपाईमामांनी वापरलेले पाणी ओतले म्हणून. प्रमाणपत्र माझ्याकडे आहे, मामांकडे नाही.

आता दुसरी गोष्ट सांगतो. आमच्या वर्गात चौदा किलोमीटरवरच्या एका खेड्यातून येणारी एक मैत्रीण आहे. तिच्या गावाकडे जाणारी एस.टी. पावणेचारला सुटे आणि आमचा शेवटचा तास साडेचारला संपे. त्या रस्त्यावरच्या मुली दोन वर्षे शेवटचा तास बुडवीत होत्या. काहींच्या घरचे म्हणू लागले, "एवढी यातायात कशाला? बाहेरून परीक्षा दे." या मुलीने अर्ज लिहिला, त्रेचाळीस सह्या गोळा केल्या आणि आगारात नेऊन दिला. उत्तर आले नाही. दुसरा अर्ज दिला, तिसरा दिला. तिसऱ्या खेपेला आगार व्यवस्थापकांनी अडचण सांगितली : फेरी उशिरा सोडली तर पुढच्या गावच्या दूधवाल्यांची सोय मोडते. ती त्या गावी गेली, दूधवाल्यांशी बोलली आणि त्यांच्याही सह्या घेऊन आली. आता गाडी पाच वाजता सुटते.

तिला विचारले, "अर्ज का नाही केलास?"

ती म्हणाली, "मी कुठे नेतृत्व केलं? मला घरी जायचं होतं."

या एका वाक्याने माझी अकरा प्रमाणपत्रे निकालात काढली. वाचकहो, प्रश्न माझ्या खजील होण्याचा नाही. शिष्यवृत्ती कशासाठी आहे आणि ती कोणाला शोधते आहे, हा आहे.

परदेशांतही अशा शिष्यवृत्त्या आहेत. राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांचे स्मारक म्हणून अमेरिकेच्या काँग्रेसने 1975 साली एक सुरू केली. ती सार्वजनिक सेवेत जाऊ इच्छिणाऱ्या, महाविद्यालयाच्या तिसऱ्या वर्षातील विद्यार्थ्यांसाठी आहे. तिच्या अर्जात एखादा सार्वजनिक प्रश्न घेऊन तो कसा सोडवावा, याची मांडणी करावी लागते. शिवाय पुढील शिक्षण संपल्यावर सात वर्षांतील तीन वर्षे सार्वजनिक सेवेत घालविण्याचे बंधन असते. म्हणजे तेथे काल काय मिरविले, याबरोबरच उद्या काय करणार, हेही विचारतात.

आणि इतक्या दूर तरी कशाला जावे? 1913 साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी एका तरुणाला कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी शिष्यवृत्ती दिली. परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करावी, असा करार होता. तो तरुण म्हणजे भीमराव आंबेडकर. 1917 साली ते करार पाळायला बडोद्यास गेले, तर त्या शहरात त्यांना राहायला जागा मिळेना. पारशांच्या सरायीतून त्यांना बाहेर काढण्यात आले आणि नोकरी सोडून मुंबईस यावे लागले. शिष्यवृत्ती देणाऱ्याने गुण ओळखले होते, पण समाजाने सेवा करू दिली नाही. पुढे 20 मार्च 1927 रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी घेऊन त्यांनी सार्वजनिक पाण्यावरचा हक्क बजावला. 'नागरी नेतृत्व' या शब्दांचा याहून स्वच्छ अर्थ मला माहीत नाही. त्या दिवशी तेथे कोणाजवळ कोणते प्रमाणपत्र होते?

कोणी म्हणेल, निवड समितीने करावे तरी काय? कागद नसेल तर ओळखीपाळखीला ऊत येईल. हा आक्षेप खरा आहे. कागद नको असे माझे म्हणणेच नाही. त्या मुलीजवळही कागद आहेत. तीन अर्जांच्या पोचपावत्या, आगाराच्या शिक्क्यानिशी, प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेल्या. पण अर्जाच्या चार रकान्यांत पोचपावतीला जागा नाही. पुरावा आहे, तो पाहायची रीत नाही.

दोष एकट्या त्या संस्थेचा नाही. आपण महाविद्यालयांतही तेच शिकतो. महाराष्ट्रात 1994 च्या विद्यापीठ कायद्याने विद्यार्थी प्रतिनिधी निवडून येण्याऐवजी गुणांवरून नेमले जाऊ लागले. निवडणुकांतली मारामारी थांबली हे चांगलेच झाले, पण ज्याला टक्के जास्त तोच पुढारी, हे समीकरणही रुजले. 2016 च्या कायद्याने निवडणुकीची तरतूद पुन्हा आणली, परंतु मनांतले समीकरण कायद्याने बदलत नाही. 1969 साली सुरू झालेली राष्ट्रीय सेवा योजना घ्या. तिच्यात दोन वर्षांत 240 तास काम करायचे असते. योजना उत्तमच आहे. पण आपण तास मोजतो आणि त्या तासांत कोणाचे काय हलले, हे विचारायचे राहून जाते.

म्हणून माझ्या तीन साध्या सूचना आहेत. पहिली, अर्जात एकच मोठा प्रश्न असावा : तुमच्या भोवतालची कोणती अडचण तुम्ही दूर करू पाहिली, कोणाकोणाला भेटलात आणि कोठे अपयश आले? अपयशाचा भाग खोटा लिहिणे फार अवघड असते. दुसरी, शिफारसपत्र केवळ प्राध्यापकांचे नसावे. ज्यांच्यासाठी काम केले त्यांच्यापैकी दोघांचे असावे, मग ते कंडक्टर असोत की दूधवाले. तिसरी, एका विद्यार्थ्याला दुसऱ्याचे नाव सुचविता यावे. खरे काम करणाऱ्याला आपण नेतृत्व करीत आहोत, हे बहुधा ठाऊकच नसते.

प्राध्यापक मंडळींनाही एक विनंती. आमच्यापैकी जे पुढच्या बाकावर बसतात आणि बोलतात, त्यांची नावे आपल्याला पाठ असतात. शेवटचा तास बुडवून कोण जाते, हे हजेरीपटात दिसते. का जाते, हे मात्र कोणीतरी विचारायला हवे.

असो. मी अर्ज केला, कारण मला पैशांची गरज आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. मात्र वृक्षारोपणाचे प्रमाणपत्र जोडले नाही. त्याऐवजी वेगळ्या कागदावर त्या तेवीस रोपांविषयी लिहिले. ती का मेली आणि या जूनमध्ये मी काय करणार आहे, हे लिहिले. अर्जाची दुसरी प्रत मी तिला नेऊन दिली. बरीच हुज्जत घातल्यावर तिने ती भरली. 'भूषविलेले पद' या रकान्यापाशी ती अडली. मग तिने लिहिले : 'प्रवासी'.

हा अंक छापायला जाईपर्यंत निकाल लागलेला नाही. तिला शिष्यवृत्ती मिळाली आणि मला मिळाली नाही, तर मला वाईट वाटेल. पण निवड चुकली असे मी म्हणणार नाही.