बंगळुरूतील भाड्याचे घर : जाहिरातीतले भाडे आणि प्रत्यक्षातला खर्च

बंगळुरूच्या पूर्व उपनगरात, व्हाइटफील्ड परिसरात घर शोधणाऱ्या भाडेकरूसमोर पहिला प्रश्न भाड्याचा नसतो, अनामत रकमेचा असतो. शहरात वर्षानुवर्षे दहा महिन्यांचे भाडे अनामत म्हणून मागण्याची प्रथा आहे. हल्ली काही ठिकाणी ती पाच-सहा महिन्यांवर आली असली, तरी पुणे-मुंबईहून नोकरीसाठी जाणाऱ्या मराठी कुटुंबांना हा आकडा चकित करतो.

उदाहरणादाखल ३० हजार रुपये भाड्याची सदनिका घेऊ. अनामत झाली तीन लाख. ही रक्कम बँकेत सात टक्के व्याजाने ठेवली असती, तर वर्षाला २१ हजार, म्हणजे महिन्याला १,७५० रुपये मिळाले असते. घर सोडताना रंगकामासाठी एक महिन्याचे भाडे कापून घेण्याचा रिवाज आहे. अकरा महिन्यांत घर सोडल्यास त्याचा भार महिन्याला सुमारे २,७०० रुपये पडतो. म्हणजे ३० हजारांचे घर प्रत्यक्षात साडेचौतीस हजारांना पडते. दलाली आणि देखभाल शुल्क वेगळेच.

याच शहरात दुसरे टोकही आहे. एकरकमी मोठी रक्कम घरमालकाकडे ठेवायची, भाडे द्यायचे नाही आणि मुदत संपल्यावर सर्व रक्कम परत घ्यायची, या व्यवहाराला तेथे ‘लीज’ किंवा ‘भोग्य’ म्हणतात. घर आधीच बँकेकडे तारण असेल, तर यात भाडेकरूची सारी पुंजी अडकू शकते.

परिसरानुसार भाव ठरवणारे घटक गेल्या काही वर्षांत बदलले. व्हाइटफील्ड ते कृष्णराजपुरम मेट्रो मार्च २०२३ मध्ये सुरू झाली. बैयप्पनहळ्ळीपर्यंतचा उरलेला छोटा टप्पा ऑक्टोबर २०२३ मध्ये जोडला गेला आणि उपनगर थेट मध्य बंगळुरूशी सांधले गेले. स्थानकापासूनचे अंतर तेव्हापासून जाहिरातीत ठळकपणे येते. पाण्याचा उल्लेख मात्र क्वचितच. २०२४ च्या उन्हाळ्यात कूपनलिका आटल्या, तेव्हा अनेक संकुले टँकरवर अवलंबून होती आणि त्याचा खर्च रहिवाशांकडूनच वसूल झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कावेरी योजनेचा पाचवा टप्पा सुरू झाला. तरीही घर पाहताना नळाला कावेरीचे पाणी येते की टँकरचे, हे विचारणे शहाणपणाचे ठरते.

कायदा येथे फारसा मदतीला येत नाही. कर्नाटक भाडे कायदा १९९९ चा असून त्यातील भाड्याची मर्यादा शहरी भागासाठी महिना साडेतीन हजार रुपये आहे. आजची बहुतेक घरे साहजिकच त्याबाहेर राहतात आणि सारे काही करारातील अटींवर येऊन ठेपते. करार अकरा महिन्यांचा असतो, कारण वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे. महाराष्ट्रात मात्र अकरा महिन्यांचा करारही नोंदवावाच लागतो.

केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२१ मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरार कायद्यात निवासी घरांची अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापुरती सीमित केली आहे. शेजारच्या तमिळनाडूच्या २०१७ च्या कायद्यात ती तीन महिन्यांची आहे, अर्थात करारात वेगळे ठरले नसेल तर. परंतु केंद्राचा मसुदा राज्यांवर बंधनकारक नाही. खरी कसोटी शहर सोडताना लागते : नव्या गावी रुजू होण्याची तारीख ठरलेली असते, अनामत घरमालकाकडे असते आणि दाव्यासाठी पुन्हा बंगळुरूला येणे परवडत नाही. घरमालकालाही हे ठाऊक असते.