टिलापिया लेक विषाणू : धरणात शिरला तर बाहेर काढता येत नाही

जलाशयात पिंजरे टाकताना किंवा धरणात मत्स्यबीज सोडताना आपण दर, आकार आणि मोजणी पाहतो. बीज रोगमुक्त आहे का, हे मात्र फार कमी ठिकाणी विचारले जाते. शेततळ्यात रोग आला तर तळे रिकामे करून, वाळवून, चुना टाकून पुन्हा सुरुवात करता येते. धरण, नदी किंवा तलावात ही सोय नाही. तिथे विषाणू एकदा शिरला की तो नैसर्गिक माशांमध्ये राहतो आणि त्याच पाण्यातील प्रत्येक पिंजऱ्याला, प्रत्येक मच्छीमाराला त्याची झळ बसते. टिलापिया लेक विषाणूचा गेल्या काही वर्षांतील प्रवास हेच सांगतो.

सुरुवात तलावातील घटत्या पकडीपासून

या विषाणूच्या नावातील 'लेक' म्हणजे इस्राएलमधील किनेरेट तलाव. याला गॅलिलीचा समुद्र असेही म्हणतात. या तलावात टिलापियाच्या कुळातील मासे नैसर्गिकरीत्या आढळतात आणि मच्छीमारांचे उत्पन्न मुख्यतः त्यांच्यावर चालते. 2009 च्या सुमारास ही पकड खूपच घसरली. अतिमासेमारी, मासे खाणारे पाणकावळे अशी कारणे चर्चेत होती. त्याच काळात इस्राएलच्या मत्स्यतळ्यांतही टिलापिया मोठ्या प्रमाणात मरू लागला. शेवटी 2014 मध्ये शास्त्रज्ञांनी एक नवा आरएनए विषाणू शोधून काढला. तलावातील आणि तळ्यांतील, दोन्हीकडच्या आजारी माशांत तो सापडला.

यातून पहिला धडा मिळतो. नैसर्गिक पाण्यातील साथ लवकर दिसत नाही. मेलेले मासे तळाशी जातात किंवा पक्षी खातात. मरतुकीची नोंद ठेवायला तिथे मालक नसतो. बऱ्याचदा पहिली खूण म्हणजे जाळ्यात कमी येणारा मासा. म्हणून एखाद्या जातीची पकड अचानक घटली, तर केवळ 'यंदा पाणी कमी होते' असे म्हणून विषय सोडू नका.

विषाणू इतका दूर कसा गेला?

इस्राएलनंतर इक्वेडोर, कोलंबिया, इजिप्त आणि थायलंड येथून नोंदी आल्या. मे 2017 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने विशेष इशारा दिला. समुद्रापलीकडच्या देशांत गोड्या पाण्यातील मासा स्वतः पोहत जात नाही. तो बीज म्हणून पिशवीत बंद होऊन जातो. थायलंडमधील बीज केंद्रांत साठवून ठेवलेले जुने नमुने तपासले, तेव्हा 2012 पासूनच्या नमुन्यांत हा विषाणू मिळाला. म्हणजे रोगाला नाव मिळण्याआधीच बाधित बीज विकले जात असण्याची दाट शक्यता आहे. बाधित नर-मादीकडून पिलांकडे विषाणू जाऊ शकतो, असेही प्रयोगांत दिसले आहे.

नैसर्गिक पाण्यातील आणखी दोन नोंदी महत्त्वाच्या आहेत. आफ्रिकेतील व्हिक्टोरिया सरोवरात मोठी मरतुक नसतानाही पिंजऱ्यांतील आणि सरोवरातील टिलापियात विषाणूचे अंश आढळले. मलेशियातील एका तलावात तो कार्प कुळातील जंगली माशात सापडला. त्यामुळे 'मासे धडधाकट दिसतात, म्हणजे विषाणू नाही' असे धरून चालता येत नाही.

भारतात काय स्थिती आहे?

2018 मध्ये पश्चिम बंगाल आणि केरळमधील संवर्धित टिलापियाच्या मोठ्या मरतुकीमागे हा विषाणू असल्याचे शास्त्रज्ञांनी नोंदवले. आता जागतिक प्राणी आरोग्य संघटनेच्या यादीतही हा रोग आहे.

महाराष्ट्रात टिलापिया परका राहिलेला नाही. 1952 मध्ये भारतात आणलेला हा मासा अनेक जलाशयांत स्वतःच वाढतो. उजनी धरणावर 'चिलापी' म्हणून रोज विकला जाणारा मासा हाच. दुसरीकडे प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेमुळे पिंजरा संवर्धनाला चालना मिळाली आहे. धोका इथेच आहे. पिंजऱ्यात दाटीने वाढणारा मासा आणि बाहेर फिरणारी चिलापी यांच्यात फक्त एक जाळी असते. मासा जाळीने अडतो, पाण्यातून जाणारा विषाणू अडत नाही. बाधित बीजाची एक खेप पिंजरेधारकाचे नुकसान करेलच, पण ज्यांनी पिंजरा कधी पाहिलाही नाही त्या मच्छीमार संस्थेच्या सभासदांचे रोजचे उत्पन्नही धोक्यात आणू शकते.

विषाणू की ऑक्सिजनची कमतरता?

प्रत्येक मरतुक विषाणूमुळे होत नाही. औषधांवर खर्च करण्याआधी हा फरक पाहा.

- ऑक्सिजन कमी पडल्यास मासे पहाटे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडतात. बहुतेक सर्व जातींना त्रास होतो, मोठे मासे आधी मरतात. पाणी हलवल्यावर किंवा ऊन चढल्यावर सुधारणा दिसते.
- टिलापिया लेक विषाणूत मरतुक अनेक दिवस चालते. टिलापिया मरतो, पण त्याच पाण्यातील कार्प मासे बहुधा ठीक असतात. पिंजऱ्यात नवी बोटुकली सोडल्यानंतरच्या पहिल्या महिन्यात विशेष लक्ष द्या. उबदार पाण्यात प्रादुर्भाव वाढतो.
- लक्षणे : खाद्य सोडणे, सुस्ती, त्वचेवर लाल चट्टे व जखमा, खवले उभे राहणे, डोळे धूसर होणे किंवा फुगणे, पोट फुगणे.

ही लक्षणे जिवाणूजन्य रोगातही दिसतात. त्यामुळे खात्री फक्त प्रयोगशाळेतील पीसीआर तपासणीनेच होते. या विषाणूवर औषध नाही. प्रतिजैविके देऊन तो बरा होत नाही, उलट खर्च वाढतो.

तुम्ही काय कराल?

1. टिलापियाचे बीज परवानाधारक केंद्रातूनच घ्या आणि पीसीआर तपासणीचा अहवाल मागा. स्वस्त आणि अनोळखी बीज थेट जलाशयात सोडू नका.
2. नवे बीज 15 ते 20 दिवस वेगळ्या टाकीत किंवा तळ्यात ठेवून निरीक्षण करा. वाहतुकीचे पाणी जलाशयात ओतू नका.
3. एका जलाशयातील जाळी, होड्या, टब दुसरीकडे नेण्याआधी धुऊन, ब्लीचिंग पावडरच्या द्रावणाने निर्जंतुक करा आणि कडक उन्हात पूर्ण वाळवा.
4. मेलेले मासे रोज काढा. पाण्यापासून दूर खड्ड्यात चुना टाकून पुरा. मासे साफ केल्यानंतरची घाण पाण्यात टाकू नका.
5. मरतुक सुरू असताना त्या ठिकाणचे जिवंत मासे किंवा बीज इतरत्र हलवू नका.
6. जिल्ह्याच्या सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांच्या कार्यालयाला लगेच कळवा. 'रिपोर्ट फिश डिसीज' या मोबाइल अॅपवरूनही माहिती देता येते. तपासणीसाठी कुजलेला मासा उपयोगाचा नाही. लक्षणे असलेला जिवंत किंवा नुकताच मेलेला मासा लागतो.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

संस्थेच्या नोंदवहीत तीन रकाने वाढवून घ्या : बीज कोठून आले, कोणत्या तारखेला सोडले आणि जातीनिहाय रोजची पकड. साथ आली तर तिचा माग काढायला याच नोंदी कामी येतात. अमेरिकेतील ग्रेट लेक्समध्ये 2005-06 मध्ये व्हीएचएस नावाच्या विषाणूने अनेक जातींचे जंगली मासे मेले. ऑक्टोबर 2006 मध्ये तेथील आठ राज्यांतून होणाऱ्या जिवंत माशांच्या वाहतुकीवर निर्बंध आले. पण तोवर विषाणू सरोवरांत पसरला होता.

गावात एक गोष्ट स्पष्ट सांगा. टिलापिया लेक विषाणूचा माणसाला धोका असल्याचे आढळलेले नाही. ताजा, नीट शिजवलेला मासा खाण्यास हरकत नाही. अफवेने बाजारभाव पडला, तर पुढच्या वेळी कोणी मरतुक कळवणार नाही. आणि कळवायला झालेला प्रत्येक दिवसाचा उशीर संपूर्ण जलाशयाला महागात पडतो.