प्रांतांनी वाडीवर जावे

मुरबाड तालुक्यातील काही गावे अनुसूचित क्षेत्रात मोडतात. शेजारच्या अंबरनाथ तालुक्यातील एकही नाही. त्यामुळे १९९६ च्या पेसा कायद्याने आदिवासी ग्रामसभेच्या हाती दिलेली सत्ता बदलापूर परिसरातील कातकरीवाडीच्या वेशीपर्यंत पोहोचतच नाही. ते असो. पण जातीचा दाखला तर तालुक्याची सीमा पाहत नाही! तो मागावयास गेल्यास ६ सप्टेंबर १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा पुढे करावा लागतो. पावसाळा सरताच वीटभट्टीवर बिऱ्हाड हलविणाऱ्या कुटुंबाने तो कोठून आणावा? कागद नसल्यास जागेवर चौकशी करण्याची मुभा अधिकाऱ्यांना आहे. कातकऱ्यांसारख्या आदिम जमातींसाठी २०२३ मध्ये ‘जनमन’ योजना काढणाऱ्या सरकारने प्रांतांना त्या चौकशीसाठी वाडीवर धाडावे, एवढीच आमची मागणी आहे.