आडनाव ‘नॉट नल’ कोणी केलं?

मी भिवंडीचा. इथल्या यंत्रमागांवर, गोदामांत उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणातली माणसं राबतात. कुणाचं नावच एका शब्दाचं, कुणाचं आडनाव आधी येतं. आणि आम्हा इंजिनिअरांची जमात टेबल बनवते: नाव, मधलं नाव, आडनाव. तिन्ही ‘नॉट नल’!

मग आडनावाच्या रकान्यात कोणी टिंब टाकतं, कोणी तेच नाव पुन्हा. आधारवर एक, पीएफला दुसरं. नाव जुळत नाही म्हणून क्लेम अडकतो आणि रोजंदारी बुडवून खेटे घालतो तो कामगार. वर आमची बोंब, ‘डेटाच घाण आहे.’ घाण केली ती स्कीमानं.

१ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या नावात महाराष्ट्र सरकारने आईचं नावही आणलं. भाग झाले चार. तीन कॉलमवाले आईला कुठे बसवणार?

एसक्यूएल की नोएसक्यूएल यावर आठवडाभर भांडणाऱ्यांनो, कॉलमलाही एक दिवस द्या. ‘पूर्ण नाव’ एकच ठेवा, माणूस लिहील तसं. आडनाव ऐच्छिक. ओळखायला आयडी आहेच. कोड पुढच्या स्प्रिंटमध्ये बदलतो; कागदावर चुकलेलं नाव दुरुस्त करायला माणसाची चप्पल झिजते.