विद्यावेतनाचा चौथा हिस्सा

छिंदवाड्यापासून वेगळे होऊन पांढुर्णा आणि सौंसर या तालुक्यांचा स्वतंत्र जिल्हा २०२३ मध्ये झाला. आता इथल्या महाविद्यालयीन मुलामुलींना काम शिकण्यासाठी जिल्ह्याबाहेर जावे लागू नये, ही या जिल्ह्याची खरी कसोटी आहे. मध्य प्रदेशाने २०२१ पासून नवे शैक्षणिक धोरण पदवीला लागू केले, तेव्हापासून इंटर्नशिप, म्हणजे शिक्षण चालू असताना एखाद्या आस्थापनेत ठरावीक काळ केलेले प्रत्यक्ष काम, अभ्यासक्रमात आली आहे; मात्र त्या काळातील जाण्यायेण्याचा खर्च कोणी सोसायचा, याचे उत्तर अभ्यासक्रमात सापडत नाही.

केंद्राची २०२४ ची इंटर्नशिप योजना देशातील आघाडीच्या ५०० कंपन्यांसाठी आहे, आणि महाराष्ट्राच्या त्याच वर्षीच्या युवा कार्य प्रशिक्षण योजनेला त्या राज्याचा अधिवास लागतो, त्यामुळे भोपाळपेक्षा नागपूर कितीतरी जवळ असलेला सीमेवरचा मराठी विद्यार्थी दोन्हीकडून वंचित राहतो. मध्य प्रदेशाच्या २०२३ च्या ‘सीखो-कमाओ’ योजनेत पदवीधरासाठी दरमहा १०,००० रुपये विद्यावेतन ठरले, त्यातील ७५ टक्के शासनाने आणि २५ टक्के आस्थापनेने द्यायचे होते. हे अडीच हजार कारखान्याला जाणवणार नाहीत. पण हंगामावर जगणारे संत्र्याचे पॅकिंग केंद्र, शेतकरी उत्पादक कंपनी किंवा वर्गणीवर चालणारी सेवाभावी संस्था यांना ते दरमहा काढून ठेवणे जड जाते. हा चौथा हिस्सा दात्यांनी उचलावा.

असे विद्यावेतन घेणाऱ्या विद्यार्थ्याचे काम काय असेल, हे संत्र्याच्या बागेत नीट दिसते. बहर झाडावर असतानाच बाग उक्ती विकली जाते, म्हणजे फळे न तोलता अंदाजानेच सौदा ठरतो, आणि मालकाजवळ मागील वर्षांची नोंद नसल्याने व्यापाऱ्याचाच अंदाज खरा मानावा लागतो. वाणिज्य शाखेची एखादी मुलगी वर्षातील दोन्ही बहरांत बसून किती क्रेट निघाले, कोणत्या आकाराचे फळ किती, गळ किती झाली, गाडीभाडे काय लागले आणि नागपूरच्या कळमना बाजारात त्या दिवशी भाव काय होता, हे लिहून ठेवील, तर पुढच्या सौद्यात मालकाच्या हाती पुरावा असेल. घरी मराठी आणि कचेरीत हिंदी वापरणारी हीच मुले बचत गटांचे अर्ज व हिशेब बिनचूक मांडू शकतील, हे तर या भागाचे हक्काचे भांडवल आहे.

पैसा कुठून यावा, हा प्रश्न अवघड नाही. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार मोठ्या कंपन्यांनी सरासरी नफ्याचे किमान दोन टक्के सामाजिक कामावर खर्चायचे आणि त्यात आपल्या कारखान्याच्या परिसराला प्राधान्य द्यायचे असते. बोरगावच्या औद्योगिक क्षेत्रातील ज्या कंपन्यांना हे कलम लागू होते, त्यांच्यासाठी हा परिसर म्हणजे सौंसर आणि पांढुर्णाच. नागपूर-पुण्यात स्थिरावलेल्या इथल्या कुटुंबांनीही यात वाटा घ्यावा. कर्मवीर भाऊराव पाटलांनीही ‘कमवा आणि शिका’ ही रीत रुजवताना लोकांच्या देणग्यांचा आधार घेतला होता.

मात्र देणगी मालकाच्या हाती न पडता थेट विद्यार्थ्याच्या बँक खात्यात जावी, निवड महाविद्यालयाने करावी, आणि झाडलोट किंवा निरोप्याचे काम देणाऱ्या आस्थापनेला पुढच्या वर्षी विद्यार्थी देऊ नये. या अटींशिवाय ही योजना फुकट मजुरीची सोय ठरेल.

वरील सूत्राने एका विद्यार्थ्याचा वर्षाचा हिस्सा ३०,००० रुपये आणि वीस विद्यार्थ्यांचा सहा लाख रुपये होतो. शासनाने आपला तीन चतुर्थांश वाटा या दोन तालुक्यांतील लहान आस्थापनांसाठी राखून ठेवावा आणि जिल्हा प्रशासनाने महाविद्यालये व कंपन्यांना एकत्र बसवून उरलेला वाटा येत्या शैक्षणिक वर्षापूर्वी उभा करावा.